आधी हात खिशावर, मग ‘सॉरी’

यंदा आपल्या गावातून बरीच मंडळी युरोपला निघालीत. कुणी निवृत्तीच्या पैशातून, कुणी लेकीकडं. “तिकडं कुठं आलेत पाकीटमार!” हे मी महिन्याभरात तीनदा ऐकलं, म्हणून ही पोस्ट.

एप्रिल २०१३ मध्ये पॅरिसचं लूव्र संग्रहालय एक दिवस बंद राहिलं. पाकीटमारांच्या टोळ्यांना वैतागून कर्मचाऱ्यांनीच काम थांबवलं होतं. मे २०१५ मध्ये आयफेल टॉवरवरही तेच झालं. आता बोला!

पद्धत साधी. एकजण लक्ष वेधतो, दुसरा हात मारतो. कुणी कागदावर सही मागतं, कुणाला तुमच्या पायाशी ‘सोन्याची’ अंगठी सापडते, मेट्रोचं दार लागताना रेटारेटी होते. रोमची ६४ नंबरची बस आणि बार्सिलोनाचा रांब्ला रस्ता तर यासाठी बदनामच.

मला काळजी पैशांपेक्षा पासपोर्टची. तो गेला की व्हिसाही गेला. मग पोलीस, दूतावास, भारतात परतण्यापुरता दाखला... पासष्टीच्या माणसाला परक्या मुलखात हे झेपेल?

तेव्हा पासपोर्ट कपड्यांच्या आत, झेरॉक्स वेगळी, गर्दीत सॅक पोटाशी, मोबाईल हॉटेलच्या टेबलावर नको. धक्का लागला तर आधी हात खिशावर, मग ‘सॉरी’.

आणि हो, चेहरा बघून चोर ठरवू नका. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. आपला पारधी समाज तो शिक्का अजून सोसतोय. तिकडं रोमा समाजाचं तेच. नजर हातांवर ठेवा, जातीवर नको.