वैरण

मासे पाळायला लागल्यापासून माझा वेळ माशांपेक्षा त्यांच्या खाण्यातच जास्त गेला आहे. त्यातही नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खाण्यात.

सुरुवात दादरच्या घरातल्या गॅलरीत झाली. फायटरच्या जोडीने अंडी घातली, पिल्लं निघाली. पण ती इतकी बारीक की भुकटी केलेलं खाणंही त्यांच्या तोंडात मावेना. क्रॉफर्ड मार्केटातल्या मासेवाल्याने उपाय सांगितला, ‘कोबीचं पान बरणीत कुजत घाल.’ पाणी आधी गढुळलं, मग त्याला वास सुटला. आईने बरणी घरात आणू दिली नाही. त्या पाण्याचे थेंब मी रोज टाकीत सोडायचो आणि पिल्लांची पोटं फुगायची. त्या थेंबात नेमकं काय आहे, हे विचारायची गरज तेव्हा वाटली नव्हती.

ते कळलं कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. गवत उकळून ठेवलेल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर पॅरामेशियमची नुसती झुंबड. पुढे तळ्याच्या पाण्यात रोटिफर दिसला. डोक्यावरची केसाळ वलयं अशी लपलपत होती, की दोन चाकं गरगर फिरत असल्याचा भास व्हावा. त्या लपलपीने पाण्यात भोवरा उठतो आणि त्यातून शेवाळाचे कण तोंडात ओढले जातात. मला तो जीव माशाइतकाच देखणा वाटला.

खाऱ्या पाण्याची टाकी आली ती नोकरीनिमित्त सॅन डिएगोला आल्यावर. मुंबईत जिवंत प्रवाळ ठेवायचा विचारही शक्य नव्हता. भारतात २००१पासून खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ते योग्यच आहे. इथे दुकानांत तुकड्यातुकड्यांनी वाढवलेली प्रवाळं मिळतात. त्यांच्या शेजारच्या टाकीत मी पहिल्यांदा मँडरिन पाहिला. पश्चिम प्रशांत महासागरातल्या प्रवाळखडकांवरचा हा मासा, निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा. विकत घेणं सोपं, जगवणं अवघड. तो दिवसभर खडकावरून एकेक कोपेपॉड टिपत फिरतो. कोपेपॉड म्हणजे मिलिमीटरभराचे किंवा त्याहून लहान कवचधारी जीव. कोरड्या खाण्याकडे बहुतेक मँडरिन ढुंकूनही बघत नाहीत. नव्या, स्वच्छ टाकीतले कोपेपॉड ते बघता बघता संपवतात आणि मग भरल्या घरात उपाशी मरतात.

आमचे आजोबा जनावर घ्यायला बाजारात जाण्याआधी घरची वैरण मोजायचे. ते आठवलं आणि मी मासा न घेता बाटल्या घेऊन घरी आलो.

पहिली बाटली नॅनोक्लोरोप्सिसची. हे शेवाळ दोन ते चार मायक्रॉनचं. पेशी दिसत नाहीत, फक्त पाण्याला रंग येतो. त्याला खारं पाणी, उजेड, तळातून सोडलेली हवा आणि खत लागतं. खताची जगभर चालणारी कृती ‘एफ बाय टू’ या नावाची. तिच्यात नायट्रेट, फॉस्फेट, सूक्ष्म धातू आणि बी-१२सह तीन जीवनसत्त्वं असतात. फिकट पोपटी पाणी आठवड्याभरात गडद हिरवं झालं, की थोडं काढून घ्यायचं आणि तेवढंच नवं खारं पाणी व खत घालायचं.

दुसऱ्या बादलीत रोटिफर, ब्रॅकिओनस प्लिकॅटिलिस. जपानात ईल माशांच्या तळ्यांत हा जीव आधी उपद्रवी ठरला होता, कारण तो पाण्यातलं शेवाळ फस्त करायचा. पुढे १९६०च्या सुमारास ताकाशी इतो यांनी तो समुद्राच्या पाण्यात वाढवून दाखवला आणि हाच उपद्रव माशांच्या पिल्लांचं पहिलं अन्न झाला. आज क्लाउनफिशची पैदास त्याच्यावरच उभी आहे. सुखाचे दिवस असले की रोटिफरमध्ये माद्याच माद्या. नराशिवाय अंडी घालतात आणि भराभर वाढतात. दिवस फिरले की नर जन्मतात आणि टणक कवचाची, वाट बघत पडून राहणारी अंडी तयार होतात. बादलीवर फेस धरला आणि वास बदलला, की समजावं, गर्दी मारक ठरू लागली. म्हणून बादल्या नेहमी दोन ठेवायच्या. आणि हात शेवाळाकडून रोटिफरकडे जावा, उलट कधीच नाही. चमच्याला चिकटून गेलेले थोडे रोटिफरही शेवाळाची हिरवी बाटली पांढरी करून टाकतात.

तिसऱ्या भांड्यात कोपेपॉड. त्यातला केशरी टिग्रिओपस इथल्याच किनाऱ्याचा. भरतीचे शिंतोडे पडून खडकांत साचणाऱ्या डबक्यांत तो राहतो. तिथे उन्हाने पाणी तापतं, मीठ वाढतं, पावसाने एकदम उतरतं. त्यामुळे तो चिवट. पण तो पाण्यात तरंगत राहतो आणि लवकर टिपला जातो. खडकाच्या फटींत दडून वंश टिकवणारा टिस्बे लहान असतो, म्हणून दोन्ही ठेवतो.

या कामाने एक गोष्ट पक्की शिकवली. रोटिफरला स्वतःचं असं पोषण थोडंच असतं. त्याने जे खाल्लं, ते माशाच्या पिल्लाला मिळतं. नॅनोक्लोरोप्सिसमधून एक प्रकारचं ओमेगा-३ मिळतं, आयसोक्रायसिस या तपकिरी शेवाळातून दुसरं, डीएचए. ते कमी पडलं, तर पोट भरलेली पिल्लंही दगावतात. म्हणजे पिल्लाचं भवितव्य त्याला कधीच न दिसणाऱ्या शेवाळात ठरतं.

मँडरिन माझ्याकडे आला तो या सगळ्यानंतर, खडकावर रात्री बॅटरी मारली की कोपेपॉड धावताना दिसू लागले तेव्हा. तुम्हीही अशी टाकी करणार असाल, तर दुकानदाराला माशाची किंमत विचारण्याआधी तो काय खातो ते विचारा. आधी शेवाळ, मग रोटिफर, मग कोपेपॉड वाढवा. ते टिकत नसतील, तर मासा दुकानातच राहू द्या.