जुन्या नावाची हाक

आमच्या श्रीवर्धनकडे अजूनही असे वडीलधारे आहेत, की जे पत्त्याच्या शेवटी 'जिल्हा कुलाबा' असेच लिहितात. 1981 साली कुलाब्याचे रायगड झाले. पण पोस्टमन बिचारा पत्र घरपोच करतो. दोन्ही नावे एकाच जागेची, हे त्याला ठाऊक असते. यंत्राच्या अंगी मात्र हा समंजसपणा नाही, याचा प्रत्यय मला आमच्या दादांच्या संगणकाने आणून दिला.

3 जून 2020 रोजी 'निसर्ग' वादळ किनाऱ्यावर धडकले आणि दादांची नारळी-पोफळीची वाडी एका दुपारीत आडवी झाली. उरली ती जुनी छायाचित्रे. ती मी आधीच संगणकात उतरवून ठेवली होती; दादा रोज तिन्हीसांजेला ती पाहत बसत. त्याच वर्षाअखेर संगणकाची प्रणाली अद्ययावत झाली, आणि पडद्यावर चित्रच उमटेना. काळ्या पाटीवर पांढरी इंग्रजी अक्षरे तेवढी!

"वाडी दुसऱ्यांदा गेली रे!" दादा म्हणाले.

"गेली नाही, दादा. चित्रे आहेत, ती दाखवणारा आलेला नाही."

हा दाखवणारा म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. तो एस.टी.वरचा नव्हे, आणि ज्याच्या हुकमतीत तो राबतो, तो कर्नलही पलटणीतला नव्हे! लिनक्स प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. पडद्याचे काम ड्रायव्हरचे. पण त्यासाठी लागणारी कितीतरी बारीकसारीक कामे तो कर्नलकडून करून घेतो, आणि प्रत्येक काम नाव घेऊन मागतो. या नावांना म्हणतात सिंबॉल. मागितलेले एक जरी नाव यादीत सापडले नाही, तरी 'अननोन सिंबॉल' असा शेरा मारून ड्रायव्हरला दारातूनच परत लावतात. आमचा ड्रायव्हर तर दारापर्यंतही पोचला नाही. दर नव्या कर्नलबरोबर तो पुन्हा बांधून घ्यावा लागे, आणि या खेपेला बांधतानाच एका नावावर अडला.

ते नाव 'आयओरीमॅप नोकॅश'. कार्डावरची स्मृती कर्नलच्या आवाक्यात आणून द्यायची, हे त्याचे काम. गंमत अशी, की आपल्या घरगुती संगणकांत नुसते 'आयओरीमॅप' म्हटले तरी तेच काम होई. मग एका कामाला दोन नावे कशाला, म्हणून 2020 सालच्या 5.6 या आवृत्तीत लांबलचक नाव काढून टाकले. काम होते तिथेच होते. ड्रायव्हर मात्र जुन्याच नावाने हाका मारीत राहिला. आणि त्याच्या कारखानदाराने देखभाल थांबवलेली, तेव्हा नवे नाव त्याला सांगणार कोण?

सुदैवाने नवा कर्नल आला म्हणून मागच्याला लगेच घराबाहेर काढीत नाहीत. संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीतून मी जुना निवडला, आणि पडद्यावर वाडी उभी राहिली. पुढे पुतण्याने ड्रायव्हरच्या उघड्या भागात जुन्या नावाच्या जागी नवे घातले, आणखी चार दुरुस्त्या केल्या, आणि स्वारी नव्या कर्नलपाशीही सुखाने नांदू लागली.

चित्रे परत आली तेव्हा दादा बोट ठेवून सांगू लागले, "ही आईने लावलेली पोफळ. हे खालचे आगर." ऐकता ऐकता मनात आले, की चित्रे शाबूत आहेत खरी, पण यातले एकही नाव कुठे लिहिलेले नाही. ती सारी यादी एकट्या दादांपाशी! उद्या नातवंडांनी 'खालचे आगर' म्हटले, तर कोणता तुकडा ते दाखवायला कोण असेल?

तेव्हापासून सुट्टीत गावी गेलो, की दादा सांगतात आणि मी लिहून घेतो. जुन्या नावाशेजारी आजची खूण, 'खालचे आगर, म्हणजे नव्या रस्त्यालगतची पट्टी.' निम्म्याहून अधिक चित्रे अजून बिननावाची आहेत, आणि दादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे. यंदाच्या दिवाळीत फराळ झाला, की मुलांच्याही हाती एकेक वही द्यायची असे आम्ही ठरवले आहे.