कपामागचा मळा

इंग्रजी निबंधाचा इतिहास शिकवताना अठराव्या शतकातील लंडनच्या कॉफीगृहांपाशी थांबावेच लागते. १७०९ मध्ये रिचर्ड स्टीलने 'द टॅटलर' सुरू केले तेव्हा मजकुराची विभागणीच मुळी कॉफीगृहांच्या नावांनी केली. काव्याविषयीचे लेखन 'विल्स'मधून, विद्याविषयक 'ग्रीशियन'मधून आणि देशोदेशीच्या वार्ता 'सेंट जेम्स'मधून. पुढे १७११ मध्ये 'द स्पेक्टेटर' निघाले, तेव्हा तत्त्वज्ञान ग्रंथालयांतून आणि विद्यापीठांतून बाहेर काढून चहा-कॉफीच्या मेजांवर आणण्याची आकांक्षा अ‍ॅडिसनने बोलून दाखवली. १९६२ मध्ये युर्गेन हाबरमास यांनी याच जागांतून 'सार्वजनिक क्षेत्रा'ची संकल्पना उभी केली. एका पेनीत कॉफी, वृत्तपत्र आणि वादविवाद असे तिन्ही मिळवून देणारी ही जागा शिकवताना मला आजही उत्साह वाटतो. मात्र या साऱ्या विवेचनात कॉफी हा पदार्थ केवळ निमित्तापुरता येतो. तो कोठून आला, कोणी पिकवला, हा प्रश्न साहित्याच्या तासाला सहसा विचारला जात नाही. तो विचारला तर साहित्याच्या वाचनात काय फरक पडतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचे. पेय म्हणून तिचा विश्वसनीय उल्लेख सापडतो तो पंधराव्या शतकातील येमेनमध्ये. तेथील सूफी साधक रात्रीच्या जपात झोप येऊ नये म्हणून ती पीत. अरबीतला 'कहवा' हा शब्द पूर्वी मद्यासाठीही वापरला जाई. तोच तुर्कीत 'काहवे', डचमध्ये 'कोफी' आणि इंग्रजीत 'कॉफी' झाला. १५११ मध्ये मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने कॉफीवर बंदी घातली. ती फार काळ टिकली नाही. १६३३ मध्ये इस्तंबूलमध्ये सुलतान चौथ्या मुरादने कॉफीगृहे बंद केली. १६७५ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनेही तसेच फर्मान काढले आणि लोकक्षोभ पाहून अवघ्या काही दिवसांत मागे घेतले. धर्म निराळे, देश निराळे, पण सत्ताधाऱ्यांचे भय एकच. त्यांना पेयाची भीती नव्हती; ते पिण्यासाठी एकत्र बसणाऱ्या आणि बोलणाऱ्या माणसांची होती. कॉफीगृहाच्या प्रशस्तीला आधार आहे तो येथे, आणि तो खराच आहे.

आता दुसरी बाजू. सतराव्या शतकाच्या अखेरपर्यंत जगाला कॉफी पुरवत असे ती मुख्यत्वे येमेन, आणि तिचे प्रमुख बंदर मोखा. म्हणजे स्टील-अ‍ॅडिसन यांच्या कपातली कॉफी बहुधा येमेनी डोंगरउतारांवरच्या शेतकऱ्यांनी पिकवलेली होती. तीत पडणारी साखर मात्र कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या श्रमाची. पुढे कॉफीही त्याच वाटेने गेली. डचांनी मलबारातून रोपे नेऊन जावात लावली. १७०६ मध्ये जावाचे एक झाड अ‍ॅम्स्टरडॅमच्या वनस्पती-उद्यानात पोहोचले, १७१४ मध्ये त्याचे एक रोप चौदाव्या लुईला भेट मिळाले आणि काही वर्षांत फ्रेंचांच्या कॅरिबियन वसाहतींत मळे उभे राहिले. १७८० च्या दशकाच्या शेवटी जगातली सुमारे निम्मी कॉफी एकट्या सॅं-डोमिंग या वसाहतीतून येत होती. राबणारे सुमारे पाच लाख लोक गुलाम होते. १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये हैती हे स्वतंत्र राष्ट्र जन्माला आले. ज्या पॅरिसच्या कॉफीगृहांत स्वातंत्र्य आणि समता यांची चर्चा रंगे, तेथल्या कपापर्यंत ही कॉफी येत होती. त्यानंतरचा मोठा उत्पादक ब्राझील. तेथे गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ मध्ये.

या दोन बाजू एकाच ग्रंथात समोरासमोर आणणारी कादंबरी म्हणजे १८६० ची 'माक्स हाफेलार'. तिचा लेखक एडुआर्ड डाउवेस डेकर हा जावातील लेबाक येथे डच प्रशासनात अधिकारी होता. तेथे रयतेवर होणाऱ्या अन्यायाची दाद लागेना, तेव्हा १८५६ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि 'मुल्टाटुली' या नावाने लिहू लागला. १८३० पासून जावातील शेतकऱ्यांवर सरकारसाठी कॉफी, ऊस, नीळ अशी पिके काढण्याची सक्ती होती. या कादंबरीचा आरंभीचा निवेदक मात्र जावातला कोणी पीडित नाही, तर अ‍ॅम्स्टरडॅममधला एक कॉफीदलाल आहे. काव्य आणि कादंबऱ्या म्हणजे निव्वळ असत्य, असे त्याचे ठाम मत. कॉफीच्या व्यापाराला उपयोगी पडेल म्हणून तो एका दरिद्री ओळखीच्या माणसाची कागदपत्रे हाती घेतो आणि त्यांतून जावाची कहाणी बाहेर पडू लागते. सैजाच्या बापाची म्हैस हिरावली जाते, तो प्रसंग वाचताना मला आपल्याकडील कर्जबाजारी कुळाच्या दाव्यातले बैल आठवतात. अखेरीस लेखक आपल्याच पात्रांच्या हातून लेखणी काढून घेतो आणि थेट राजाला जाब विचारतो. कलादृष्ट्या हा कादंबरीचा भंग म्हणावा की तिची परिपूर्ती, यावर वर्गात चांगला वाद होऊ शकतो. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. दलालाचा आवाज इतका वेळ ऐकल्यावर सौम्य समारोप अप्रामाणिक ठरला असता.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही दंतकथा सर्वश्रुत आहे. आमच्या घरी रोजचा चहा. कॉफी व्हायची ती परीक्षेच्या रात्री किंवा आलेल्या पाहुण्याने चहा नको म्हटले तर, भरपूर दुधाची आणि वरून जायफळ किसून घातलेली. जायफळाचा तो वास मला अजून घराचा वाटतो. १६२१ मध्ये याच जायफळाच्या मक्तेदारीसाठी डचांनी बांदा बेटांवरील बहुतेक साऱ्या रहिवाशांना ठार केले, हाकलले वा गुलाम केले. हे वाचल्यावर कॉफीची चव बिघडली असे मी म्हणणार नाही. तो वास आता मला एकट्या माझ्या घराचा वाटत नाही, एवढे खरे.

म्हणून सुचवावेसे वाटते की, 'द टॅटलर'चे उतारे आणि 'माक्स हाफेलार' ही पुस्तके अभ्यासक्रमात शेजारी ठेवावीत. त्याने अ‍ॅडिसनचे गद्य उणे ठरत नाही. कॉफीगृहातल्या संवादात कोणाला बसायला जागा नव्हती, हा प्रश्न तेवढा वाचनाचा भाग होतो. लंडनमध्ये स्त्रिया ग्राहक म्हणून तेथे क्वचितच असत. मळ्यावरचा मजूर तर कल्पनेतही नव्हता. हीच कसोटी आपल्यालाही लावता येईल. मराठी ललित गद्यात चहाच्या टपरीवरच्या गप्पांना तोटा नाही. आसामच्या चहामळ्यातील मजुरांवर मुल्कराज आनंद यांनी १९३७ मध्ये इंग्रजीत 'टू लीव्हज अँड अ बड' लिहिली. आपल्या गप्पांच्या त्या टपरीवर हा मजूर कोणत्या पानावर भेटतो, याचा शोध विद्यार्थ्यांनी घ्यावा. एखाद्या प्रबंधाला पुरेल एवढा तो विषय खचितच आहे.