दहा आकड्यांचे घर

भिलाईत आयुष्य काढलेल्या मनुष्यास त्याचा कायमचा पत्ता विचारला, म्हणजे तो क्षणभर घुटमळतो. याचे कारण अगदी सरळ आहे. हे गाव कारखान्यासाठी वसले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, त्या वेळी दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चालत असे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा राजधानी भोपाळ झाली होती. आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य होऊन ती रायपुरास आली. नागपूर-वर्ध्याकडून लोहमार्गाने येथे आलेल्या मराठी कुटुंबांनी जागचे न हलता तीन राजधान्या पाहिल्या. परंतु राहते घर मात्र कारखान्याचे. सेक्टर, रस्ता आणि क्वार्टर यांचे आकडे हाच पत्ता. बढती झाली की क्वार्टर बदलावयाचे, आणि निवृत्ती आली की बहुतेकांनी ते रिकामे करून द्यावयाचे. घराबरोबर ०७८८ च्या पुढील दूरध्वनीचा क्रमांकही बहुधा बदलत असे.

वाचकहो, अशा संसारात जी एक गोष्ट गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बदलली नाही, ती म्हणजे हातातील भ्रमणध्वनीचा दहा आकडी क्रमांक. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशी पहिले संभाषण केले, तेव्हा हे यंत्र श्रीमंतांचे भूषण होते. २००३ मध्ये येणाऱ्या फोनचे मूल्य पडेनासे झाले, तेव्हापासून ते सर्वांच्या खिशात आले. क्वार्टर गेले, मुले परगावी गेली, क्रमांक राहिला. आज आपला खरा पत्ता तोच आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

आता या पत्त्यावर काय काय येते, याचा जरा हिशेब करा. बँकेतून पैसे हलवावयाचे तर सांकेतिक आकडा येथेच येतो. त्यास आपण सारे ओटीपी म्हणतो. आधार, निवृत्तिवेतन, प्राप्तिकर, ठेवी, विमा या सर्वांच्या नोंदीत हाच क्रमांक आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने दरवर्षी आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या संगणकीय पद्धतीने देता येतो, आणि त्यासाठीही आधारबरोबर मोबाईल क्रमांक लागतो. याखेरीज जिला आपला दुसरा कोणताही ठावठिकाणा ठाऊक नाही अशी वर्ध्याची मावशी, जुनी मोलकरीण, शाळेतील विद्यार्थी, हे सारे याच दहा आकड्यांवर आपणास शोधतात.

आणि नेमक्या याच वयात आपण परदेशी निघतो. भिलाईची मुले शिकली-सवरली आणि दूरदूर गेली. सुनेचे किंवा लेकीचे बाळंतपण आले की आजी-आजोबांचे विमान ठरते. अमेरिका असो की इंग्लंड, पाहुण्यास तेथे बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहता येते. या मुदतीत घराचे काय करावे, तुळशीला पाणी कोण घालील, याचा विचार आपण महिनाभर आधी करतो. क्रमांकाचा विचार मात्र विमानतळावर जाताना, आणि तोही ‘राहू दे, परत आल्यावर पाहू’ एवढाच होतो.

आमच्या परिचयातील एका निवृत्त दांपत्याने असेच केले. मुलाने तेथे गेल्याबरोबर तेथील सिम दिले. येथील सिम पाकिटात घालून ठेवले गेले. सात महिन्यांनी दोघे परतले, तोवर क्रमांक बंद होऊन नव्या ग्राहकास दिला गेला होता. तो गृहस्थ सज्जन होता. ‘काकू, तुमचे फोन मला येतात, मी काय सांगू?’ असे त्याने विचारले. मुदत संपलेल्या ठेवीसाठी, निवृत्तिवेतनासाठी, प्रत्येक कचेरीत अर्ज करून क्रमांक बदलून घ्यावा लागला. परंतु काकूंना त्याचे दुःख नव्हते. त्यांची थोरली बहीण गावी अंथरुणाला खिळली होती. घरच्यांनी चारदा फोन लावला, तो लागला नाही; परदेशचा क्रमांक त्यांच्यापाशी नव्हता. बहीण गेल्याचे वर्तमान काकूंना परत आल्यावर समजले. कागद पुन्हा करता येतात. तो फोन पुन्हा येणार नव्हता.

हे घडते कसे, ते नीट समजून घेतले पाहिजे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१३ मध्ये केलेल्या नियमाप्रमाणे प्रीपेड क्रमांक वापराविना नव्वद दिवस पडून राहिला तरच तो बंद करता येतो. खात्यात निदान वीस रुपये शिल्लक असतील, तर ते वळते करून मुदत तीस दिवसांनी वाढवावी, अशीही त्यात तरतूद आहे. पोस्टपेड ग्राहकांसाठी क्रमांक सुरक्षित ठेवण्याची निराळी सोय याच नियमात आहे. बंद केलेला क्रमांक निदान नव्वद दिवस दुसऱ्या कोणास देत नाहीत, असे प्राधिकरणाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. तेव्हा गणित मांडा: पाहुणचार सहा महिन्यांचा आणि नियमाची सवलत तीन महिन्यांची. उरलेल्या तीन महिन्यांची तजवीज आपणच करावयाची असते.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावा. क्रमांक ‘जिवंत असणे’ निराळे, आणि त्यास ‘ऐकू येणे’ निराळे. २०१८ च्या अखेरीस मोठ्या खाजगी कंपन्यांनी किमान भरणा सक्तीचा केला. तेव्हापासून योजनेची मुदत संपली की प्रथम बाहेर जाणारे फोन थांबतात आणि काही दिवसांनी येणारे फोन व संदेशही थांबतात, मग खात्यात वीस रुपये असोत वा दोनशे. म्हणून ज्यास परदेशात ओटीपी हवा आहे त्याने वीस रुपयांच्या नियमावर विसंबून राहू नये. मुदत चालू असलेली योजनाच ठेवावी.

अशी योजना महाग पडेल, ही भीती मात्र अनाठायी आहे. पूर्वी इंटरनेट नको असले तरी त्याचे पैसे भरावे लागत. २०२४ च्या डिसेंबरात ‘ट्राय’ने केवळ संभाषण व संदेश यांच्यासाठी निराळ्या योजना देणे कंपन्यांस भाग पाडले, आणि अशा योजनांची कमाल मुदत नव्वद दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. त्यानुसार २०२५ च्या जानेवारीत एअरटेलने ३६५ दिवसांची योजना १८४९ रुपयांस आणि जिओने ३३६ दिवसांची योजना १७४८ रुपयांस काढली. दर बदलत असतात. निघताना ताजा दर पाहून घ्यावा. परंतु प्रमाण लक्षात येण्यास हे आकडे पुरेत: दिवसाकाठी सुमारे पाच रुपये, म्हणजे टपरीवरच्या चहापेक्षाही कमी. छोट्या भरण्यांनी काम भागवू म्हणाल, तर अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याने वर्षाचे तेरा महिने होतात, आणि दर खेपेस परदेशातून आठवण ठेवावी लागते, ती निराळीच. तेव्हा लांबच्या मुक्कामास एकदाच केलेला लांब मुदतीचा भरणा बरा. यापेक्षाही स्वस्त कंपनीकडे क्रमांक न्यावयाचा असेल तर तो न बदलता नेता येतो. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. मात्र सध्याच्या कंपनीकडे नव्वद दिवस पुरे झालेले असावे लागतात, म्हणून हा विचार प्रवासाच्या पुष्कळ आधी करावा.

आता मी स्वतः पाळते तो क्रम सांगते. तीनदा मुलाकडे जाऊन आले, आणि तो उपयोगी पडला.

निघण्यापूर्वी पंधरा दिवस कंपनीच्या दुकानात जाऊन दोन प्रश्न विचारावे: ‘माझ्या क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे काय?’ आणि ‘मी जाणार त्या देशात तुमचा कोणाशी करार आहे?’ परदेशी फोन लावण्याची सोय निराळी आणि परदेशात आपला फोन चालण्याची सोय निराळी. दुकानातील मुलेही कधी कधी यात गल्लत करतात. रोमिंगमध्ये येणाऱ्या संदेशास आपल्याकडील कंपन्या सहसा पैसे घेत नाहीत. आपल्या योजनेत तसे आहे ना, तेही तिसरे म्हणून विचारावे. दिवसागणिक पैसे घेणारी महागडी रोमिंगची योजना ओटीपीपुरती लागत नाही. ती न घेता संदेश मिळतात की नाही, एवढे कंपनीकडून नक्की करून घ्यावे.

दोन सिमांचा फोन असावा. एकात घरचे सिम, दुसऱ्यात तेथील स्थानिक सिम. बोलणे, नकाशे, इंटरनेट हे सारे स्थानिक सिमवरून करावे, आणि घरच्या सिमचे ‘डेटा रोमिंग’ बंद ठेवावे. जुना बटणांचा फोन घरच्या सिमसाठी नेऊ, असा विचार पुष्कळजण करतात. परंतु अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये आपली थ्रीजी जाळी बंद केली, त्यामुळे असला फोन तेथे मुका राहण्याचा संभव फार. सिमचे ई-सिम करावयाचे असेल तर तेही आधीच करावे. सिम बदलल्यावर फसवणूक टाळण्यासाठी चोवीस तास संदेश रोखून धरतात. हे चोवीस तास विमानतळावर येऊ नयेत.

निघण्याच्या दिवशी ‘कॉल फॉरवर्ड’ रद्द करावे. आपण फोन उचलला नाही आणि तो परदेशातून दुसऱ्या क्रमांकाकडे वळला, तर दुहेरी आकार बसू शकतो. परदेशात घरच्या क्रमांकावर फोन वाजला तर उचलू नये. नाव पाहावे, आणि इंटरनेटवरून उलट लावावा. मिस्ड कॉलची विद्या आपल्या लोकांस शिकवावी लागत नाही. ज्यांच्यापाशी साधा फोन आहे त्यांना मात्र आधीच सांगून ठेवावे की, ‘मी उचलणार नाही, पण पाहीन.’ आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी घरच्या क्रमांकावरून एखादा संदेश पाठवावा. त्यास काही रुपये पडतात, पण क्रमांक वापरात असल्याची नोंद होते. नुसता आलेला संदेश नियमाच्या दृष्टीने वापर ठरेलच असे नाही.

मुक्कामात फोन बदलू नये. नातू हौसेने नवा फोन आणून देतो, परंतु नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना घरच्या सिमवरून संदेश जावा लागतो आणि तेथे घोडे अडते. शिवाय २०२५ च्या एप्रिलपासून बंद पडलेले वा दुसऱ्यास दिलेले क्रमांक बँकांनी व यूपीआय चालविणाऱ्यांनी आठवड्यागणिक तपासून वगळावेत असा दंडक आहे. नोकरीसाठी कायमचे गेलेल्यांची गोष्ट निराळी: त्यांनी बँकेस कळवून अनिवासी खाते करून घ्यावे. २०२३ च्या जानेवारीत दहा देशांतील क्रमांकांवरून अशा खात्यांस यूपीआयची परवानगी देण्यात आली, आणि त्यांस घरच्या क्रमांकाची तितकी निकड राहिली नाही.

एक उपाय पुष्कळजण सुचवितात: सिम येथेच भाच्याच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनमध्ये ठेवावे, आणि ओटीपी त्याने फोनवर सांगावा. शेजारी कितीही भला असला तरी हे करू नये. त्याच्या हाती आपण घराची नव्हे, तिजोरीची किल्ली देतो. आणि उद्या काही कमीजास्त झाले तर संशय प्रथम त्या बिचाऱ्यावरच जातो. स्नेह टिकवावयाचा असेल तर त्यावर असले ओझे घालू नये.

हे सारे वाचून एखादा म्हणेल, पाच रुपयांच्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप कशास? परंतु थोडा विचार करा. आपल्या पिढीने घरे बदलली, गावे बदलली. कित्येकांची मुळे विदर्भात, संसार छत्तीसगडात आणि नातवंडे सातासमुद्रापार आहेत. अशा विखुरलेल्या कुटुंबास जोडणारा धागा आता दगड-विटांचा राहिलेला नाही. कोणी तरी, कोठून तरी, अडीअडचणीत आपणास हाक मारील आणि ती आपणापर्यंत पोहोचेल, एवढीच घराची खूण उरली आहे. दिवसाला पाच रुपयांत ती राखता येत असेल, तर सामान बांधण्याच्या यादीत ते काम पहिल्या ओळीत लिहावे, पापड-लोणच्यांच्याही वर.