रिकाम्या टाकीची कल्हई

गेल्या ईदला मी लेकीला मासे आणून दिले. ठाण्यात घोडबंदर रोडवर, मानपाड्याच्या आमच्या घरात साठ लिटरची काचेची टाकी आली. दुकानदार म्हणाला, "पाणी भरा, मासे सोडा." सोडले. दहा दिवसांत दहाही मासे मेले. पाणी तर आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. शेवटचा मासा कुंडीत पुरून लेक आली आणि म्हणाली, "अब्बू, मांजर कोंडणाऱ्या बाईची गोष्ट तुम्हीच सांगितली होती ना?"

हदीसमधल्या त्या बाईनं मांजराला ना खायला दिलं, ना सोडलं. मी तर खायला भरपूर घातलं होतं. पण कोंडलेल्या जिवाला नुसतं खाणं पुरत नाही, त्याच्या घाणीची सोयही लावावी लागते.

मासा श्वासावाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मासे बऱ्यापैकी सोसतात. सर्गेई विनोग्राद्‌स्कीनं 1890 च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. आतड्यातले इ. कोलाय अनुकूल स्थितीत 20 मिनिटांत दुप्पट होतात, यांना मात्र अर्धा-एक दिवस लागतो. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. आमचे मासे स्वच्छ दिसणाऱ्या विषात मेले.

या वेळी आधी जिवाणू वाढवायचे ठरवलं. 100 मिलिलिटर पाण्यात 4 ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड विरघळवलं. त्यातले 10 मिलिलिटर टाकले की आमच्या टाकीत लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅम अमोनिया होतो. पाच आठवडे लेक सिरिंजनं डोस देत होती, थेंबांच्या किटनं तपासत होती. अखेर एका दिवशी टाकलेला डोस दुसऱ्या दिवशी शून्य, नायट्राइटही शून्य. टाकी तयार झाली.

आणि नेमकं तेव्हाच अम्मीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मासे तीन आठवडे पुढे गेले.

हेच खरे कसोटीचे दिवस. उपाशी ठेवले तर जिवाणू लगेच मरत नाहीत, पण हळूहळू मंदावतात, कमी होतात. म्हणून दिवसाआड अर्धा डोस. त्यांना प्राणवायूही लागतो, म्हणून फिल्टर दिवसरात्र चालू. एका पावसाळी रात्री चार तास वीज गेली, तेव्हा आम्ही बाप-लेक मगानं पाणी वर-खाली करत बसलो होतो. शेजारी बघून गेले. रिकाम्या टाकीची ही चाकरी त्यांना काय कळणार!

तिसऱ्या आठवड्यात अम्मीच्या नव्या डोळ्यांना घरातली सगळी घाण दिसू लागली. एका सकाळी फिल्टरचा स्पंज काढून ती बाथरूमच्या नळाकडे निघाली. स्पंज तपकिरी, बुळबुळीत झालेला.

"दादी, नको!" लेक किंचाळली.

"का नको? अगं, अशी घाण ठेवून पाणी पाक राहतं होय?"

मी समजावलं. जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात. टाकीचं पाणी बदललं तरी चालतं, पण नळाखाली स्पंज धुतला तर पाण्यातलं क्लोरीन त्यांनाच मारतं. स्पंज धुवायचाच तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, तोही हलक्या हातानं पिळून. अम्मीनं स्पंज परत दिला, पण पटलेलं दिसत नव्हतं. मग तिची नजर सिरिंजशेजारच्या बाटलीवर गेली.

"हे काय आहे?"

"अमोनियम क्लोराइड. म्हणजे नवसागर."

नाव ऐकून ती खुर्चीत बसली. तिचे अब्बा कल्हईवाले. भाता घेऊन गावोगाव फिरायचे. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा, मग कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचे. त्या धुराचा वास तिच्या लहानपणाचा वास आहे.

"भांडं चकचकीत दिसलं तरी कल्हई उडाली असेल तर आंबट कळकतं," ती म्हणाली. "म्हणजे तू टाकीला कल्हई करतोयस."

इतकं सोपं मला सांगता आलं नव्हतं. कल्हई एकदा करून भागत नाही. वापरात उडते, पुन्हा करावी लागते. ही टाकीही तशीच.

त्या आठवड्यात शेवटचा डोस देऊन दुसऱ्या दिवशी तपासलं. दोन्ही शून्य. साठलेलं नायट्रेट काढायला निम्म्याहून जास्त पाणी बदललं, नव्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारलं. मग सहाच गप्पी आणले, आणि पहिले काही दिवस खाणंही बेतानंच घातलं.

आता महिना झाला. सहाही आहेत. लेक अजून दर रविवारी थेंब टाकून रंग बघते. अम्मी नवा चष्मा लावून तिच्यामागे उभी असते आणि विचारते, "कल्हई ठीक आहे ना गं?"