फाउलहॉर्नच्या वाटेवर

स्वित्झर्लंडची सहल म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें बर्फाच्छादित शिखरें, निळीं सरोवरें आणि वेळेवर धांवणाऱ्या आगगाड्या येतात. हें सर्व तेथें आहेच. परंतु त्या देशाची खरी ओळख गाडींतून उतरून पायीं चालूं लागल्यावरच होते. माझा पुतण्या नोकरीनिमित्त बर्न येथें असतो. गेल्या आषाढांत मी त्याच्याकडे गेलों असतां त्यानें मला हें सुख मिळवून दिलें. आणि त्याबरोबर एक धडाही मिळाला, तो मात्र मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं शिकावा लागला.

इंटरलाकेनजवळच्या विल्डर्सविल गांवाहून शिनिगे प्लाटे नांवाच्या डोंगरपठारावर एक चिमुकली गाडी जाते. दांतेरी रुळांवरून चालणारी ही गाडी १८९३ सालीं सुरू झाली. अवघें सात किलोमीटर अंतर कापण्यास तिला पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो, यावरून चढाची कल्पना यावी. वर १९६७ मीटर उंचीवर उतरतांच समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ हीं तीन शिखरें उभीं, तर दुसऱ्या बाजूस खोल खालीं थून व ब्रिएन्झ हीं सरोवरें. येथून २६८१ मीटर उंचीच्या फाउलहॉर्नवरून फर्स्ट या ठिकाणीं उतरावयाचें, असा आमचा बेत होता. वाट सुमारें सोळा किलोमीटरांची व सहा तासांची.

या वाटांवरील पिवळ्या पाट्यांवर अंतर लिहीत नाहींत. तास आणि मिनिटें लिहितात. चढउताराच्या मुलखांत अंतराच्या आंकड्यानें वाटसरूची फसगतच होते, म्हणून ही पद्धत. खडकांवर पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा दिसला तर ती डोंगरवाट समजावी. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर दोर व अनुभव नसणारानें तिकडे वळूं नये. अशा वाटांची एकूण लांबी पासष्ट हजार किलोमीटरांच्या आसपास भरते. १९७९ सालीं तेथील जनतेनें मतदान करून पायवाटांच्या रक्षणाचें कलम आपल्या राज्यघटनेंत घातलें, यावरून त्यांना चालण्याचें महत्त्व किती वाटतें तें दिसून येतें.

सकाळ फार सुंदर गेली. हिरव्या कुरणांत गाईंच्या गळ्यांतील घंटा वाजत होत्या. मेंडलेनेन येथील विश्रांतिगृहांत आम्हीं गरम सूप घेतलें, तोंच पश्चिमेकडून काळे ढग चढूं लागले व दूरवर गडगडाट ऐकूं आला. माथा आतां दीड तासाच्या आंत राहिला होता. तरुणपणीं सिंहगडाच्या शेकडों वाऱ्या केल्याचा मला अभिमान. त्यांतून माथ्यावरचें छायाचित्र पाठविण्याचें मीं घरीं कबूल केलेलें! "चल, झपाट्यानें जाऊं," असें म्हणून मी उठलों. पुतण्या कांहीं न बोलतां बुटाचे बंद आंवळूं लागला. त्याचें तें गप्प राहणें मला खटकलें.

मीं विचारलें, "तूं एकटा असतास तर काय केलें असतेंस?"

खालीं पाहूनच तो म्हणाला, "येथेंच थांबलों असतों, काका. आणि मग परत फिरलों असतों."

"मग बोलला कां नाहींस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनें आलांत. तुम्हांला नको कसें म्हणावें?"

दोनच दिवसांपूर्वीं झरमाटच्या संग्रहालयांत आम्हीं एक तुटका दोर पाहिला होता. १४ जुलै १८६५ रोजीं व्हिंपर व त्याचे सहा सोबती मॅटरहॉर्नवर प्रथम चढले. उतरतांना सर्वांत कमी अनुभवाच्या तरुणाचा पाय घसरला व दोरानें बांधलेल्या चौघांचा अंत झाला. दोर मध्येंच तुटला, म्हणून उरलेले तिघे वांचले. तो दोर मला तेथें आठवला आणि अंगावर कांटा आला. आम्हां दोघांमध्यें दोर नव्हता. पण माझ्या हट्टामागें हा मुलगा निमूटपणें त्या उघड्या धारेवर आला असता, आणि तेंही केवळ माझा मान राखण्यासाठीं!

मी खालीं बसलों. अर्ध्या तासांत विजा कडाडूं लागल्या व गारांनीं छप्पर दणाणून गेलें. वादळ ओसरल्यावर आम्ही आल्या वाटेनें परतलों आणि शेवटची गाडी गांठली. वाटेंत पुतण्या मोकळेपणानें बोलत होता. इतका तो माझ्याशीं पूर्वीं कधीं बोलला नव्हता.

रात्रीं घरीं दूरध्वनि केला. आईनें विचारलें, "माथा गांठलास का रे?" "नाहीं," मीं सांगितलें, "मुलगा नको म्हणाला." क्षणभर थांबून ती म्हणाली, "त्याचें ऐकलेंस, बरें केलेंस."

आमच्या घरांत वडीलधाऱ्यांपुढें धाकट्यांनीं बोलूं नये अशी रीत आहे, व तींत प्रेमही आहे. परंतु डोंगरावर ही रीत जिवावर बेतूं शकते. म्हणून मुलाबाळांसह अशा प्रवासास निघणाऱ्यांस माझें एवढेंच सांगणें आहे, कीं चांगले बूट घ्या, हवेचा अंदाज पाहा आणि बरोबरच्या सर्वांत लहान माणसास त्याचें मत आधीं विचारा. फाउलहॉर्न जागच्या जागीं आहे. पुढच्या उन्हाळ्यांत पुन्हां जाण्याचा विचार आहे. या खेपेस दिवस कोणता, तें पुतण्याच ठरविणार आहे.