टाकी वर, पंप खाली

लासलगाव बाजार समितीचं उपबाजार आवार विंचूरला आहे. कांद्याच्या हंगामात तिकडे माल नेणाऱ्या, माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरची तक्रार ठरलेली: रिकामा छान चालतो, भरली ट्रॉली जोडली की दम सोडतो.

जुन्या मॅसी ट्रॅक्टरची डिझेल टाकी बॉनेटखाली, इंजिनाच्या वर असते. डिझेल स्वतःच्या वजनानेच उतरतं. त्यामुळे डिझेल पुढे ढकलणारा फीड पंप निम्मा मेला तरी ट्रॅक्टर सुरू होतो, वावरात फिरतो, आणि मालकाचा संशय बिचाऱ्या नोजलवर जातो. वेगळी टाकी असलेल्या होडीच्या मोटरला ही सवलत नाही. तिची टाकी होडीच्या तळाशी, इंजिन वर मागच्या फळीवर. 1950 च्या दशकातल्या जॉन्सन, एव्हिनरूडच्या अनेक मोटरींना तर पंपच नसे. क्रँककेसमधला दाब एका नळीने टाकीत जायचा आणि दुसऱ्या नळीने पेट्रोल वर चढायचं. टाकीच्या झाकणाचं रबर सुटलं की मोटर बंद. तिथला दोष लगेच बोलतो, आमच्याकडचा लपून राहतो.

म्हणून फिल्टरकडे जाणारी नळी सोडून मी स्टार्टर मारायला सांगतो. ठोक्याठोक्याने पिचकारी उडाली तर पंप जिवंत. नुसतं ओघळलं तर ते काम टाकीच्या उंचीचं, पंपाचं नव्हे. त्याहीआधी ऑइलची पट्टी काढून वास घेतो. फीड पंपातला पडदा (डायफ्रॅम) फाटला की डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरू शकतं. ऑइलची पातळी वाढते, मालकाला बरंच वाटतं, आणि तिकडे पातळ ऑइलवर बेअरिंगं झिजत असतात.

पंपाची हातदांडी ढिली लागली म्हणून पंप फेकू नये, हे मी पोटतिडकीने सांगतो. कॅमशाफ्टचा उंचवटा नेमका पंपाच्या दांड्यावर थांबला असेल, तर पडदा आधीच ओढलेला असतो. हाताला ओढायला काही उरत नाही. इंजिन एक फेरा फिरवा, दांडीत जीव येतो. एवढ्यासाठी चांगले पंप भंगारात गेलेले पाहिलेत.

पंप उघडण्याआधी दोन्ही भागांवर कानशीने एक आडवी खूण करतो, म्हणजे तोंडं फिरत नाहीत. नवा पडदा बसवताना खरी गोम आहे. स्क्रू हलके लावायचे, दांडी पूर्ण दाबून पडदा खाली ओढलेला ठेवायचा, आणि मग समोरासमोरचे स्क्रू आवळायचे. पडदा ताणलेला बसला तर लवकर फाटतो. मग हवा काढायची: आधी फिल्टर, नंतर मोठा (इंजेक्शन) पंप, शेवटी नोजलचे नट. फेस संपून सलग धार येईपर्यंत घाई नाही. मोठा पंप आणि नोजल मी उघडत नाही. त्यांना टेस्ट बेंच लागतो, ते काम नाशिकला पाठवतो.

"मिस्तरी, नवाच टाका ना," असं मालक म्हणतात. बॉडी धड असेल तर मी नकार देतो. पण दांड्याचं कॅमवर घासणारं तोंड झिजलं असेल, तर पडद्याला पूर्ण ओढ मिळत नाही, कितीही नवा घाला. तेव्हा मीच सांगतो, बदला.